मेंदूक पण वास येता काय वो?

मागच्या अंकात नाकाबद्दल लिहिताना मी एक ओळ जाता जाता टाकली होती, की वास ओळखणारे रिसेप्टर फक्त नाकातच नसतात, त्यांची जनुकं मेंदूच्या पेशींमध्येही चालू सापडली आहेत. झालं. त्या एका ओळीवर जेवढे प्रश्न आले तेवढे अख्ख्या लेखावर आले नाहीत, आणि बहुतेक आपल्या किनारपट्टीवरूनच, वेंगुर्ल्यापासून हर्णैपर्यंत. सगळे छापणं काही शक्य नाही, त्यातले थोडे घेतलेत.

प्रश्न (वेंगुर्ला, बारावी सायन्सची विद्यार्थिनी): मेंदूक पण वास येता काय वो? आमच्याकडे सुरंगीचा सीझन सुरू झाला की अख्खं घर घमघमतं, मग तो वास नाकातून आत जाऊन थेट मेंदूतल्या त्या रिसेप्टरना लागतो का? आणि लागत नसेल तर ते तिथे करतात काय? बायोच्या पुस्तकात यातलं काहीच नाही.

उत्तर: नाही गं, तू म्हणतेस तसा वास मेंदूला येत नाही. सुरंगीतून जे रेणू हवेत उडतात ते नाकाच्या अगदी वरच्या टोकाला, साधारण दोन डोळ्यांच्या मध्ये आत, एक छोटासा ओलसर पडदा असतो तिथपर्यंत जातात आणि तिथेच थांबतात. त्या पडद्यातल्या चेतापेशींवर रिसेप्टर नावाची प्रथिनं असतात. रेणू त्यात बसला की पेशीच्या आत जी-प्रोटीन नावाचं निरोप पोचवणारं प्रथिन जागं होतं, मग सायक्लिक एएमपी हा निरोप्या रेणू वाढतो, पेशीच्या भिंतीतले दरवाजे, म्हणजे चॅनेल, उघडतात, आणि विजेचा सिग्नल कवटीच्या तळाशी असलेल्या भोकाभोकाच्या हाडातून वर ऑल्फॅक्टरी बल्बमध्ये, म्हणजे मेंदूतल्या वासाच्या पहिल्या ठाण्यात, जातो. वर जातो तो सिग्नल, सुरंगी खालीच राहते.

ही रिसेप्टरची जनुकं लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल या दोघांनी 1991 मध्ये उंदरांच्या जातीतल्या रॅटमध्ये शोधली आणि त्याबद्दल त्यांना 2004 चं नोबेल मिळालं. माणसात अशी चालू असलेली जनुकं साधारण 400 आहेत, आपली सगळी प्रथिनं बनवणारी जनुकं धरली साधारण 20,000, म्हणजे शंभरातली दोन नुसती या एका कामाला! (उंदरात हजारावर आहेत आणि आफ्रिकन हत्तीत दोन हजारांच्या आसपास. तिलारीकडे फिरणारे आपले हत्ती आशियाई, पण तेही काही कमी नाहीत, फणस कुठे पिकलाय ते त्यांना मालकाच्या आधी कळतं.)

आता तुझ्या खऱ्या प्रश्नाकडे येतो. 1991 च्या शोधाला वर्षही झालं नव्हतं तोवर, 1992 मध्येच, बेल्जियममधल्या लोकांना यातली काही जनुकं वृषणाच्या पेशींमध्ये चालू दिसली, म्हणजे जिथे हुंगायचं काही कारणच नाही अशा जागी. मग हळूहळू यादी वाढतच गेली, मूत्रपिंड, त्वचा, प्रोस्टेट, रक्तवाहिन्यांच्या भिंतीतल्या पेशी. उंदराच्या मूत्रपिंडातला एक रिसेप्टर, नाव ओएलएफआर 78, आतड्यातले जीवाणू तंतुमय अन्न आंबवून जी छोटी फॅटी ॲसिड बनवतात ती रक्तातून आली की ओळखतो आणि त्याचा ब्लडप्रेशरशी संबंध लागतो, हे 2013 मध्ये छापून आलं. 2022 मध्ये ओएलएफआर 2 नावाचा दुसरा रिसेप्टर धमनीतल्या मॅक्रोफेज या कचरा गिळणाऱ्या पेशींमध्ये ऑक्टॅनल हा रेणू ओळखतो आणि त्याने धमन्या जाड होण्याचा आजार वाढतो असं उंदरांत दिसलं. ऑक्टॅनल संत्र्याच्या सालीत असतं, पण इथे ते संत्र्यातून येत नाही, शरीरातच चरबीचं ऑक्सिडेशन होताना तयार होतं.

यातच तुझं उत्तर आहे. हा रिसेप्टर म्हणजे लहान रेणू ओळखायचं एक हत्यार आहे, नाकाने ते वासाला वापरलं एवढंच. आपल्या घरातली कोयती बघ, त्याच कोयतीने नारळ फोडतात, लाकडं तोडतात, वेळ आली तर वाटेतली रानटी वेल छाटतात, कुणी तिला फक्त नारळाची कोयती म्हणत नाही. मेंदूत हे हत्यार असेल तर ते बाहेरचा वास नाही, तर आतलेच रेणू ओळखत असणार, म्हणजे पेशींचा टाकाऊ माल, जीवाणूंनी सोडलेली रसायनं, आतड्यातून रक्तात आलेली ॲसिड, असं काहीतरी.

मेंदूत नेमकं काय दिसलंय ते सांगतो. 2014 मध्ये इटलीतल्या त्रिएस्तेच्या गटाने उंदराच्या मध्यमेंदूतल्या डोपामाइन हे निरोप्या रसायन बनवणाऱ्या पेशींमध्ये यातली बरीच जनुकं चालू दाखवली, आणि वासाच्या रेणूंसारखी रसायनं दिल्यावर त्या पेशी प्रतिसाद देतात हेही दाखवलं, म्हणजे नुसती जनुकं चालू असण्याच्या एक पायरी पुढे. दक्षिण कोरियात ॲस्ट्रोसाइट या आधार देणाऱ्या पेशींमधला एक रिसेप्टर छोट्या फॅटी ॲसिडने जागा होताना दिसला, तो 2019 चा पेपर. आणि मला सगळ्यात आवडलेला म्हणजे 2020 चा, मायक्रोग्लियाचा. मायक्रोग्लिया म्हणजे मेंदूतले राखणदार, कुणी परका आला की धावणारे. न्यूमोकोकस हा जीवाणू, जो न्यूमोनिया करतो आणि कधीकधी मेंदूच्या आवरणाला सूज आणतो, तो 2-पेंटिलफ्युरान नावाचा एक उडणारा रेणू सोडतो, आणि उंदराच्या मायक्रोग्लियांवरचे दोन वासाचे रिसेप्टर तोच रेणू पकडून पेशीला सावध करतात. मेंदूला वास येतो असं म्हणायचंच असेल तर मी फक्त इथे म्हणू देईन.

अजून एक शक्यता. नाकातल्या चेतापेशीची लांब शेपटी बल्बमध्ये नेमकी कुठल्या ठिकाणी जाऊन जुळणार हे ठरवण्यात त्या पेशीतल्या रिसेप्टरचा हात असतो, हे उंदरांमध्ये नव्वदच्या दशकातच सिद्ध झालंय, त्यामुळे वाढत्या मेंदूतही वायरिंगच्या कामात यांचा काही वाटा असेल का असा विचार लोक करतात. हा अजून विचारच आहे हां, परीक्षेत लिहू नकोस.

प्रश्न (देवगड, आंबा बागायतदार, शिक्षण इंजिनिअरिंग): प्रत्येक पेशीत सगळी जनुकं असतातच ना? मग वासाची जनुकं मेंदूत सापडली यात नवल ते काय, ती तर माझ्या गुडघ्यातही असणार.

उत्तर: गुडघ्यातही आहेत, बरोबर. पण दादा, मुद्दा असण्याचा नाही, चालू असण्याचा आहे. डीएनए सगळीकडे सारखाच, पण पेशी त्यातली काहीच जनुकं वाचते आणि त्यांची आरएनए प्रत काढते, संशोधक ती प्रत शोधतात. मेंदूत सापडली म्हणजे ही प्रत सापडली.

तुमची शंका मात्र रास्त आहे आणि ती या क्षेत्रातल्या बऱ्याच जणांना आहे. पहिली गोष्ट, मेंदूत या प्रती बहुतेक वेळा फारच थोड्या असतात. पेशीचं यंत्र काही शंभर टक्के घट्ट नसतं, शेजारचं जनुक वाचताना याचंही थोडंफार वाचलं जातं, म्हणजे नळ बंद असूनही टपटपतो तसलं, त्यामुळे प्रत दिसली म्हणून काम चालूच आहे असं होत नाही. दुसरी, आरएनए आहे म्हणजे प्रथिन बनतंय असं नाही, आणि बनलं तरी हे रिसेप्टर पेशीच्या पृष्ठभागावर पोचवायला नाकात वेगळी मदतनीस प्रथिनं लागतात, ती नसली की रिसेप्टर आतच अडकून पडतात. तिसरी, प्रथिन दाखवायला ज्या अँटिबॉडी वापरतात त्या वासाच्या रिसेप्टरच्या बाबतीत बदनाम आहेत, एकाला चिकटायच्या ऐवजी भलत्यालाच चिकटतात. चौथी, उंदराचा आणि माणसाचा रिसेप्टर एकास एक जुळत नाहीत, त्यामुळे उंदरात दिसलं ते आपल्यात तसंच असेल हे गृहीत धरता येत नाही.

एक किस्साच सांगतो म्हणजे लक्षात येईल. 2003 मध्ये जर्मनीतल्या बोखुमच्या गटाने दाखवलं की माणसाच्या शुक्रजंतूंमध्ये एक वासाचा रिसेप्टर आहे आणि बर्जोनल नावाचं, लिली ऑफ द व्हॅली या फुलासारख्या वासाचं रसायन दिलं की शुक्रजंतू त्याच्या दिशेने पोहत जातात. पेपर आला सायन्स या नामांकित नियतकालिकात, बातम्या सगळीकडे, शुक्रजंतूंना नाक असतं वगैरे. मग 2012 मध्ये दुसऱ्या संशोधकांनी नीट मोजून दाखवलं की बर्जोनल शुक्रजंतूच्या कॅटस्पर नावाच्या चॅनेललाच थेट उघडतं, मधे वासाच्या रिसेप्टरची आणि त्याच्या पुढच्या साखळीची गरजच दिसत नाही. रसायन दिलं, पेशी हलली, म्हणजे रिसेप्टरनेच हलवली असं म्हणता येत नाही. म्हणून आता कुणी असा दावा केला की मी आधी बघतो की त्यांनी ते जनुक काढून टाकून प्रतिसाद जातो का हे तपासलंय का. मेंदूबद्दलच्या बऱ्याच पेपरमध्ये ते केलेलं नसतं.

पण मग सगळंच टपटपणारं पाणी आहे असंही नाही. मूत्रपिंडाच्या बाबतीत जनुक काढून बघितलेलं आहे, फरक पडतो. आणि 2023 मध्ये माणसाच्या एका वासाच्या रिसेप्टरची रचना पहिल्यांदा अणूंच्या पातळीवर दिसली, ओआर 51 ई 2, आणि गंमत म्हणजे हा प्रोस्टेटमध्ये भरपूर असतो, त्यात प्रोपिओनेट हे छोटं फॅटी ॲसिड कसं चपखल बसतं ते चित्रात दिसतं. मेंदूतल्या रिसेप्टरपैकी बहुतेकांचा रेणू कोणता हेच अजून ठरलेलं नाही आणि खरी अडचण तिथे आहे, किल्ली माहीत नसलेलं कुलूप घेऊन बसलेत लोक.

प्रश्न (मालवण, गृहिणी): आमच्याकडे पावसाळ्याची बेगमी म्हणून सुके बांगडे, सोडे, गोलमा सगळं भरून ठेवतो. सून पुण्याची, तिला डबा उघडला की मळमळतं, आमच्या ह्यांना मात्र शेजारी बसून भाजलं तरी काही नाही. हे सवयीचं की रक्तातलं? आणि हा वास डोक्यात भिनतो असं सून म्हणते ते खरं का?

उत्तर: काकू, तुमच्या प्रश्नाने मला फार बरं वाटलं कारण मेंदूतल्या वासाच्या रिसेप्टरमधलं सगळ्यात भरवशाचं प्रकरण नेमकं मासळीच्या वासाचंच आहे.

समुद्रातल्या माशाच्या अंगात टीएमएओ नावाचा पदार्थ असतो, मासा मेला की जीवाणू त्याचं ट्रायमिथाइलअमाइन करतात, आणि मासळीचा जो ओळखीचा वास तो मुख्यत्वे त्याचा. (आपण आमसूल लावतो, चिंच घालतो त्याला रसायनशास्त्राचा आधार आहे बरं का, आंबट पडलं की त्या अमाइनचं क्षारात रूपांतर होतं, ते उडत नाही, वास कमी येतो. तिरफळाचं काम वेगळं, ते आपल्या वासाने त्याला झाकतं.) हा रेणू पकडणारा रिसेप्टर आहे टार 5. बक बाईंच्याच प्रयोगशाळेतून 2006 मध्ये कळलं की नेहमीच्या रिसेप्टरपेक्षा निराळं असं टार नावाचं दुसरं एक कुटुंबही नाकात वास ओळखतं. माणसात त्यातली सहाच जनुकं चालू आहेत, पण तिखट स्वभावाच्या अमाइनांवर त्यांचीच नजर.

सवय की रक्त, तर दोन्ही. 2020 मध्ये आइसलँडमध्ये 9,000 हून जास्त लोकांना वेगवेगळे वास हुंगायला देऊन त्यांच्या जनुकांशी ताडून बघितलं, तेव्हा टार 5 मध्ये एक बदल असलेल्या लोकांना माशाचा वास सौम्य लागतो, नकोसा वाटत नाही असं दिसलं, काहींनी तर त्याला बटाटा, कॅरॅमल, गुलाब असलं काहीतरी म्हटलं! तुमच्या ह्यांच्यात तोच बदल आहे असं मी म्हणत नाही, जन्म मालवणात काढलेल्या माणसाला सवयच पुरेशी आहे. पण सुनेला नाटकं करते म्हणू नका एवढं नक्की, दोन माणसांची नाकं खरोखर वेगळी असू शकतात.

आता डोक्यात भिनण्याचं. डब्यातला वास मेंदूत शिरत नाही, ते वर वेंगुर्ल्याच्या मुलीला सांगितलंय. मात्र टार 5 उंदरांच्या मेंदूतल्या भीती, काळजी, मूड सांभाळणाऱ्या भागांमध्येही दिसलेला आहे, आणि हे जनुकच काढलेल्या उंदरांमध्ये भित्रेपणा आणि उदासीसारखं वागणं कमी आढळलं, तोही अभ्यास 2020 चाच. तिथे तो नक्की कोणत्या रेणूची वाट बघत असतो हे शोधणं चालू आहे. त्याचा भाऊ टार 1 तर आणखी विचित्र, तो नाकात वासाचं काम करतच नाही, मेंदूत मात्र डोपामाइनच्या कारभारात त्याचा हात आहे. त्याच्यावर स्किझोफ्रेनियासाठी उलोटारॉन्ट नावाचं औषध बनवलं गेलं, सुरुवातीला आशा होती, पण 2023 मध्ये दोन मोठ्या चाचण्यांत ते बिनऔषधी गोळीपेक्षा सरस ठरलं नाही. तरी कुटुंबावरचा शोध थांबलेला नाही.

सोडे भाजताना खिडकी उघडी ठेवा आणि सुनेला तेवढा वेळ बाहेर पडवीत बसू दे.

प्रश्न (रत्नागिरी, निवृत्त शिक्षक): माझ्या पत्नीला पार्किन्सन्स आहे. हात थरथरायच्या कितीतरी वर्षं आधी तिचा वास गेला होता, आमटी करपली तरी कळायचं नाही, आम्ही सर्दी म्हणून सोडून दिलं. तुमची ओळ वाचली आणि वाटलं मेंदूतले हेच रिसेप्टर खराब झाले असतील का. एका अरोमाथेरपीवाल्याने एक तेल दिलंय, म्हणतो मेंदूतले वासाचे रिसेप्टर जागे होतात. किंमत बरीच आहे. घ्यावं का?

उत्तर: सर, तेल घेऊ नका. आधी हे सांगून मग बाकीचं सांगतो.

इथे दोन वेगळ्या गोष्टी एकमेकांत मिसळल्या जातात आणि विकणारे त्याचाच फायदा घेतात. वहिनींचा वास गेला तो नाकाकडून येणाऱ्या रस्त्यात बिघाड झाल्यामुळे. पार्किन्सन्समध्ये अल्फा-सायन्युक्लीन नावाच्या प्रथिनाच्या गुठळ्या होतात आणि त्या ऑल्फॅक्टरी बल्बमध्ये फार लवकर दिसतात, हालचालीच्या केंद्राला त्रास व्हायच्या आधीच, म्हणून थरथर यायच्या कित्येक वर्षं आधी वास जाऊ शकतो. तुम्ही तेव्हा सर्दी समजलात ते कुणीही समजलं असतं, कारण वास जाणाऱ्या बहुतेकांना पार्किन्सन्स नसतोच, सर्दी, सायनस, वय, कोविड अशीच कारणं जास्त.

दुसरी गोष्ट मेंदूतल्या रिसेप्टरची, आणि त्यात पार्किन्सन्सचं नाव येतं हे खरंय. 2013 मध्ये बार्सिलोनाच्या संशोधकांनी पार्किन्सन्सने गेलेल्या लोकांच्या मेंदूचा पुढचा भाग तपासला, त्यांना वासाच्या रिसेप्टरची काही जनुकं निरोगी मेंदूपेक्षा कमी चालू दिसली, आणि अगदी सुरुवातीच्या, लक्षणं दिसायच्या आधीच्या अवस्थेतही. त्याच वर्षी अल्झायमर आणि आणखी काही आजारांच्या मेंदूंतही अशी गडबड दिसल्याचा पेपर आला. त्यात इटलीचं डोपामाइन पेशींचं काम धरलं तर चित्र असं होतं की या पेशी आपल्या आजूबाजूची रसायनं चाखत असतील आणि आजारात ती चव घेणं बिघडत असेल. ऐकायला छान आहे. पण मरणोत्तर मेंदूत कमी दिसलं म्हणजे त्यामुळे आजार झाला, की आजारामुळे ते कमी झालं, की आजारी मेंदूत पेशींची भेळच बदलल्यामुळे आकडा खाली गेला, हे त्या अभ्यासातून ठरत नाही. आणि यातून अजून एकही औषध निघालेलं नाही, तेल तर दूरच. तेलाचा वास घेऊन मेंदूच्या आतल्या रिसेप्टरपर्यंत औषधासारखा डोस पोचतो असं कुणी दाखवलेलं नाही, आणि समजा पोचला तरी कुठला रिसेप्टर दाबायचा आणि दाबून चांगलं होईल की वाईट हेच ठाऊक नसताना तो माणूस कशाच्या जोरावर सांगतोय?

करण्यासारखं काय आहे ते मात्र आहे. गोळ्या न्यूरॉलॉजिस्टने सांगितलेल्या वेळी, त्यात कुणाच्या सांगण्यावरून खंड नको. वासासाठी स्मेल ट्रेनिंग नावाचा एक साधा व्यायाम आहे, जर्मनीतल्या ड्रेस्डेनमधून 2009 पासून प्रसिद्ध झालेला, गुलाब, निलगिरी, लिंबू, लवंग असे चार वास रोज सकाळ-संध्याकाळ थोडा थोडा वेळ लक्ष देऊन हुंगायचे, काही महिने. व्हायरसनंतर गेलेल्या वासात याचा उपयोग दिसलाय, पार्किन्सन्समध्ये अभ्यास लहान आहेत आणि फायदा झालाच तर थोडा, आजार त्याने हलत नाही, पण घरातल्या लवंगेला पैसे पडत नाहीत. आणि सगळ्यात महत्त्वाचं, गॅस. सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम उग्र वास दिलेला असतो तो गळती कळावी म्हणून, वहिनींना तो कळणार नाही, तेव्हा तेलाच्या पैशात स्वयंपाकघरात गॅस डिटेक्टर बसवून घ्या आणि रात्री रेग्युलेटर बंद केलाय का ते तुम्ही स्वतः बघा.

प्रश्न (गुहागर, एक तरुण): फिट आली की आमच्याकडे कांदा नाहीतर चप्पल हुंगवतात आणि माणूस खरंच शुद्धीवर येतो, म्हणजे मेंदूतले रिसेप्टर काम करतात ना?

उत्तर: नाही. बहुतेक फिट दोन-तीन मिनिटांत आपोआपच थांबते, आणि चप्पल शोधून आणून नाकाला लावेपर्यंत तेवढा वेळ गेलेलाच असतो, श्रेय चपलेला मिळतं. उलट त्या गडबडीत श्वास कोंडायची भीती. कुशीवर वळवा, गळ्याजवळचे कपडे सैल करा, डोक्याखाली काहीतरी मऊ द्या, दातांत चमचा-बिमचा घालू नका, हातपाय दाबून धरू नका, पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत पाणी पाजू नका. पाच मिनिटं उलटली तरी थांबली नाही, किंवा एक थांबून लगेच दुसरी आली, किंवा आयुष्यात पहिल्यांदाच आलीय, तर 108 ला फोन करा, आणि गाडी दारात असेल तर तीच काढा.